रसायनशास्त्राच्या नव्या प्राध्यापकांनो, या चुका टाळा

पीएचडी झाली, सेट-नेट झालं, अनुदानित महाविद्यालयात कायम नेमणूकही मिळाली. त्यानंतर बऱ्याच जणांचं संशोधन थंडावतं. काही अंशी वर्कलोडमुळे, पण त्याहून जास्त एका चुकीमुळे: गाइडच्या लॅबमधला विषय जसाच्या तसा नव्या कॉलेजात आणला जातो.

मोठ्या संस्थेत एनएमआर (रेणूची रचना ओळखायचं यंत्र) खालच्या मजल्यावर असतं आणि आर्गॉनचा सिलिंडर संपला तर लगेच दुसरा येतो. तालुक्याच्या कॉलेजात फ्यूम हूडचा (घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा) पंखाच बंद सापडतो. तिथे हवा लागताच बिघडणारी ऑर्गॅनोमेटॅलिक संयुगं करायला घेतली, तर वर्षं नुसत्या जुळवाजुळवीत जातात. विषय ठरवण्याआधी एवढं तपासा: नमुना कुरियरने पाठवला तर टिकेल का? रोजचं काम टीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून पाहायची साधी पद्धत) आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) निभेल का? निभत असेल तर बाकीचे स्पेक्ट्रा बाहेरून काढून घेता येतात. आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ या उपकरण-केंद्रात शुल्क भरून बाहेरच्यांचे नमुनेही तपासले जातात. यवतमाळ-चंद्रपूरकडे भूजलातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे आणि स्पॅड्न्स या रंगद्रव्याच्या पद्धतीने फ्लोराइड साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजता येतं. असे विषय दाराशीच असतात. ‘अमुक पानांच्या अर्कापासून चांदीचे नॅनोकण’ हा विषय मात्र इतका घासून झाला आहे की, त्यात तुमचं नवं काय हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर सोडून द्या.

विषय चुकला की पेपर रखडतात आणि मग ‘आठवड्यात छापतो’ म्हणणाऱ्या जर्नलची मेल गोड वाटू लागते. पूर्वी ‘यूजीसी-केअर यादीत (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीत) आहे ना’ एवढं म्हणून सुटता यायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये ती यादीच बंद झाली, आता पारख तुम्हालाच करायची आहे. परीक्षकांच्या शेऱ्यांत रसायनशास्त्राबद्दल एकही प्रश्न नसेल, तर पेपर कोणी वाचलेलाच नाही असं समजा. तिथे पाठवून बसला असाल, तर छापून येण्याआधी लेखी माघार घ्या. माघार मान्य झाल्याचं उत्तर हातात येईपर्यंत तोच पेपर दुसरीकडे धाडू नका.

बढतीच्या कागदांचं थोडक्यात: पीएचडी असेल तर लेव्हल 10 वरून (सहायक प्राध्यापकाच्या सुरुवातीच्या वेतनस्तरावरून) 11 साठी चार वर्षांनी पात्र होता येतं. ओरिएंटेशन-रिफ्रेशर या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं त्या चौथ्या वर्षी शोधायला लागू नका.

प्रॅक्टिकलमधली चूक दिसत नाही, म्हणून जास्त महाग पडते. टायट्रेशनचं रीडिंग ‘बसवलेलं’ आहे हे आपल्याला कळतं, तरी विद्यार्थ्याच्या जर्नलवर (प्रॅक्टिकलच्या वहीवर) सही होते. तोच विद्यार्थी पुढे एमएस्सीच्या प्रोजेक्टला आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या यील्डवर (किती पदार्थ मिळाला त्या आकड्यावर) विश्वास कसा ठेवणार? प्रत्येक बॅचला आम्लाची तीव्रता थोडी बदलून द्या आणि उत्तर चुकलं तरी ते का चुकलं हे नीट सांगणाऱ्याला गुण द्या. पहिल्या महिन्यात मुलं कुरकुरतात, प्रसंगी एखादे सहकारीही.

सुरक्षिततेची जबाबदारी लॅब असिस्टंटवर ढकलू नका. डिसेंबर 2008 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात टर्शरी ब्युटिललिथियम सिरिंजने काढताना पेट घेऊन 23 वर्षांची संशोधन सहायक गंभीर भाजली आणि जानेवारीत दगावली. तिच्या अंगावर लॅब कोट नव्हता. लॅब चालवणाऱ्या प्राध्यापकावर फौजदारी आरोप लागले आणि 2014 मध्ये अटींवर तडजोड होईपर्यंत खटला चालू राहिला. आपल्याकडे ब्युटिललिथियम क्वचित असतं, पण डायएथिल ईथरची अर्धी रिकामी बाटली हमखास असते. हवेच्या संपर्कात ठेवलेल्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड साठत जातात. बाटली उघडल्याची तारीख लेबलवर घाला. डिस्टिलेशनला घेण्याआधी पोटॅशियम आयोडाइडने चाचणी करा. पिवळा-तपकिरी रंग आला तर ते ईथर तापवायचं नाही. झाकणाभोवती स्फटिक दिसले तर बाटलीला हातही लावू नका, खोली रिकामी करा आणि विभागप्रमुखांना कळवा.