अमेरिकेच्या कॉलेजांसाठीचा निबंध: खर्ड्यावर हात फिरवताना या चुका टाळा

दरवर्षी 1 ऑगस्टला कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे एकाच ऑनलाइन अर्जावर अनेक अमेरिकी कॉलेजांत प्रवेश मागायच्या सोयीचा, नवा हंगाम सुरू होतो आणि अमेरिकेत पदवीसाठी जाऊ पाहणारी बारावीची मुलं निबंधाला लागतात. पहिला खर्डा बहुतेक वेळा अघळपघळ असतो, व्याकरणाच्या चुका असतात, शेवट भरकटलेला असतो. तरी त्यात लिहिणारी मुलगी किंवा मुलगा दिसतो. पुढच्या महिना-दोन महिन्यांत त्या खर्ड्यावर इतके संस्कार होतात की भाषा निर्दोष होते आणि माणूस नाहीसा होतो. चांगले निबंध लिहिताना कमी आणि सुधारताना जास्त बिघडतात, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख फक्त सुधारण्याबद्दल.

आधी शब्दांना हात लावणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सार्वत्रिक चूक. फाइल उघडली की मुलं स्पेलिंग तपासतात, विशेषणं बदलतात, ग्रामरलीच्या लाल रेघा एकेक करून घालवतात. दोन तास जातात, काम झाल्याचं समाधान मिळतं. पण पुढे जो परिच्छेद काढूनच टाकायचा आहे, त्याचं व्याकरण आज नीट करून उपयोग काय?

आधी एवढंच पाहा की हा निबंध वाचून तुमच्याबद्दल काय कळतं. तुम्हाला फारसं न ओळखणाऱ्या कुणाला तरी तो वाचायला द्या, मग कागद काढून घ्या आणि विचारा, "माझ्याबद्दल काय लक्षात राहिलं?" उत्तरात तुमच्या संस्थेचं, आजोबांचं किंवा स्पर्धेचंच नाव येत असेल, तर निबंध त्यांच्यावर झाला आहे. दुसरी तपासणी घरबसल्या होते. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एक ओळ लिहा: या परिच्छेदातून नवीन काय कळलं? दोन परिच्छेदांसमोर एकच ओळ आली, तर त्यातला एक जाणार.

एक रचलेलं उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका मुलीने ढोल-ताशा पथकावर निबंध लिहिला आहे. सुरुवात टिळकांपासून, मग गणेशोत्सवाचं महत्त्व, मग मिरवणुकीचं वर्णन, आणि शेवटी "पथकाने मला नेतृत्व, संघभावना आणि शिस्त शिकवली." हे शेवटचं वाक्य क्रिकेट, एनसीसी, नाटक कशालाही चालतं, म्हणजे ते तिचं नाही. पण तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर एक ओळ पडून आहे: पहिल्या वर्षी तिला मिरवणुकीत ढोल मिळालाच नाही, ती इतरांचे ढोल आवळून द्यायची. पावसाळी हवेत चामड्याचं पान सैल पडतं, मग दोऱ्या ताणाव्या लागतात. हळूहळू तिला टिपरूचा एक ठोका ऐकून कुठली बाजू ढिली आहे ते कळायला लागलं.

निबंध तिथे आहे. कान देऊन ऐकणारी, स्वतःला वाजवायला मिळत नसतानाही कामात रमलेली मुलगी तिथे दिसते. सुधारणा करायची म्हणजे ती ओळ वर आणायची, तिला जागा द्यायची आणि टिळकांसह इतिहास काढून टाकायचा. अमेरिकेतल्या वाचकाला गणपतीची मिरवणूक म्हणजे काय हे एका अर्ध्या वाक्यात सांगितलं तरी पुरतं. तेवढं मात्र सांगायलाच हवं. पथक, एसटी, बोर्डाची परीक्षा, लाखाचा आकडा हे आपल्याला इतकं सवयीचं असतं की ते परक्याला कळणार नाही हे ध्यानातच येत नाही.

650 शब्दांत बसवण्यासाठी प्रत्येक वाक्य कुरतडणं

कॉमन अ‍ॅपच्या मुख्य निबंधाला कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त 650 शब्दांची मर्यादा आहे, आणि त्यापुढे सूट नाही. खर्डा साधारण 900 च्या आसपास गेलेला असतो. मग मुलं प्रत्येक वाक्यातून एकदोन शब्द कापत सुटतात. आकडा जमतो, पण सगळा निबंध तारेसारखा तुटक वाचला जातो.

कापायचं तर अख्खा परिच्छेद कापा. पहिल्यापासून सुरुवात करा: त्यावर हात ठेवा आणि दुसऱ्यापासून वाचा. काही बिघडलं नाही, तर पहिला गेला. बऱ्याचदा काहीच बिघडत नाही, कारण तिथे कलामांचं वचन असतं किंवा "लहानपणापासून मला विज्ञानाची आवड आहे" असतं. शेवटच्या परिच्छेदाचंही तसंच. शाळेने आपल्याला प्रस्तावना, मध्य, उपसंहार असा साचा दिला आणि उपसंहारात सुविचार घातला की गुण मिळाले. त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. इथे वाचणारा प्रवेश अधिकारी एकामागून एक अर्ज वाचत असतो. तुम्ही जग बदलणार आहात हे त्याने त्या दिवशी कितीतरी वेळा वाचलेलं असतं. गोष्ट जिथे संपते तिथे थांबा.

आणखी एक मोठा तुकडा असाच निघतो: अकरावीत गुण का घसरले, वडिलांची बदली, आजारपण, शाळेत एखादा विषयच नव्हता, याचे खुलासे. ते सांगणं गरजेचं असेल तर त्याला वेगळी जागा आहे. 2025-26 च्या अर्जापासून अडचणी आणि परिस्थितीसाठी 250 शब्दांचा रकाना आहे, शिवाय जादा माहितीसाठी 300 शब्दांचा. तिथे सरळ, तारखांसकट, रडगाणं न गाता लिहा. मुख्य निबंध मोकळा होतो.

सगळ्यांचं ऐकणं

आईला वाटतं ऑलिम्पियाडचा उल्लेख हवा. क्लासचे सर म्हणतात भाषा आणखी भारदस्त करा. न्यू जर्सीचा दादा म्हणतो अमेरिकनांना विनोद आवडतो. पैसे देऊन नेमलेला सल्लागार चौथंच काही सांगतो. मुलं भिडस्त असतात, सगळ्यांचं थोडं थोडं घेतात, आणि निबंधाला चार आवाज येतात.

वाचणारे दोनच ठेवा: एक तुम्हाला जवळून ओळखणारा, एक न ओळखणारा. त्यांच्याकडून दुरुस्त्या मागू नका, प्रश्न मागा. कुठे कळलं नाही? कुठे कंटाळा आला? कुठे हे तुझं वाटलं नाही? फाइल बदलण्याचा अधिकार कुणालाही देऊ नका. गुगल डॉक्सवर फक्त शेरे लिहिता येतील अशी परवानगी द्या, नाहीतर कागदावर छापून द्या.

आईवडिलांशी एक बोलणं मात्र आधीच करून घ्या. आपल्याकडे घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हा दंडक पक्का असतो. बाबांची गेलेली नोकरी, घरातली ओढाताण, आजीचं विसरणं यावर मुलाने मनापासून लिहिलेलं असतं आणि ऐन वेळी पालक तो परिच्छेद पुसतात. मला इथे दोघांचंही पटतं. ती गोष्ट घराचीही आहे आणि मुलाचीही. म्हणूनच तो निर्णय सप्टेंबरमध्ये शांतपणे घ्यायचा. नकार आला तर दुसरा विषय शोधायला वेळ राहतो. अर्धवट झाकलेली गोष्ट मात्र ठेवू नका, ती वाचणाऱ्याला लगेच जाणवते.

भारी शब्द, आणि यंत्राकडून घासूनपुसून घेणं

सतरा वर्षांच्या मुलाने "प्लेथोरा" आणि "टेपेस्ट्री" लिहिलं की वाचणाऱ्याला कोश दिसतो. तुम्ही जो शब्द बोलताना कधीच वापरणार नाही, तो काढा. ब्रिटिश स्पेलिंग चालतं, फक्त अर्धं ब्रिटिश अर्धं अमेरिकन असं करू नका.

एआयबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कॉमन अ‍ॅपच्या नियमांनुसार एआयने तयार केलेला मजकूर आपला म्हणून देणं ही फसवणूक धरली जाते, आणि अर्जाच्या शेवटी मजकूर आपलाच असल्याची सही तुम्ही करता. शिवाय अनेक कॉलेजांचे आपापले नियम आहेत, ते त्यांच्या संकेतस्थळावर वाचूनच पुढे जा. नियम बाजूला ठेवले तरी नुकसान आहेच. वरच्या ढोलाच्या निबंधाला "आणखी छान कर" म्हणून यंत्राकडे दिलं, तर ढिली बाजू ओळखणारा कान जाईल आणि चिकाटी, समर्पण वगैरे येईल. नेमकं तेच आपण मेहनतीने काढलं होतं.

अडलेल्या परिच्छेदावर त्याहून चांगला उपाय आहे. तो प्रसंग मित्राला किंवा आजीला मराठीत सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग ऐका. सांगताना तुम्ही कुठून सुरुवात केली? कशावर रेंगाळलात? काय वगळलंत? तोच क्रम इंग्रजीत धरा. वाक्यं शब्दशः नेऊ नका, क्रम तेवढा न्या. लिहिताना सापडत नसलेली सुरुवात बोलताना बहुतेक सापडते.

त्यानंतर इंग्रजी खर्डा मोठ्याने वाचा. जिथे श्वास कमी पडतो ते वाक्य तोडा, जिथे अडखळता तिथे खूण करा. स्पेलिंग आणि स्वल्पविराम आत्ता, सगळ्यात शेवटी.

पाठवण्याआधीचे छोटे घोळ

वर्डमधून कॉमन अ‍ॅपमध्ये मजकूर चिकटवल्यावर परिच्छेदाच्या सुरुवातीची मोकळी जागा उडते, कधी परिच्छेद एकमेकांना चिकटतात. प्रिव्ह्यूची पीडीएफ उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मुख्य निबंध सगळ्या कॉलेजांना एकच जातो, त्यात कुठल्याही कॉलेजचं नाव नको. कॉलेजं स्वतंत्रपणे मागतात त्या "आमचंच कॉलेज का" या पुरवणी निबंधात उलट घोळ होतो: एकासाठी लिहिलेलं दुसऱ्याला चिकटवताना जुनं नाव राहतं. कॉलेजबरोबर प्राध्यापकाचं, अभ्यासक्रमाचं, गावाचं नावही शोधून तपासा.

हाच निबंध सगळीकडे चालेल असंही धरू नका. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा अर्ज वेगळा आहे: आठांपैकी चार प्रश्न, प्रत्येकी 350 शब्दांपर्यंत. यूकास या ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जात 2026 च्या प्रवेशापासून एका सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्न आहेत, मिळून 4000 अक्षरं, रिकाम्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. तिथे विचारतात ते विषयाबद्दल, तुम्ही तो का निवडला आणि त्यासाठी काय केलं. ढोलाची गोष्ट तिथे क्वचितच बसेल.

अमेरिकेतल्या लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबरला असते, म्हणजे सहामाही आणि दिवाळीच्या आसपासच. दोन खर्ड्यांमध्ये आठवडाभर निबंधाकडे बघायचं नाही, एवढी सवड हाताशी हवी. प्रत्येक खर्डा तारखेच्या नावाने वेगळा जपून ठेवा, कारण तिसऱ्यात उडवलेलं वाक्य पाचव्यात हवंसं वाटतं. आणि सकाळी काढलेला स्वल्पविराम संध्याकाळी परत घालत असाल, तर निबंध झाला आहे, पाठवून द्या.

पाठवल्यावर चूक दिसली तर? कॉमन अ‍ॅपमध्ये पुढच्या कॉलेजांसाठी निबंध बदलता येतो, आधी गेलेली प्रत तशीच राहते. एखादं स्पेलिंग चुकलं म्हणून कॉलेजला ईमेल करू नका. वर्ष, पद किंवा निकाल असं काही तथ्य चुकलं असेल तर मात्र त्या प्रवेश कार्यालयाला दोन ओळींत कळवा आणि पुढच्या अर्जाला लागा.