परदेशी डीलरकडून रिपेअर केलेली सोन्याची मोहोर घेताय? मग आधी हे बघा

समजा तुम्हाला १८४१ ची व्हिक्टोरियाची मोहोर हवीये. तीच, एका बाजूला तरुण राणीचा चेहरा आणि मागे सिंह आणि ताडाचं झाड असलेली ईस्ट इंडिया कंपनीची. वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे आपला बरोब्बर एक तोळा, आणि सोनं २२ कॅरेट. ही नाणी लंडनच्या डीलर्सकडे आणि लिलावात येत असतात, आणि यादी नीट वाचली की लक्षात येतं की त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर काहीतरी काम झालेलं आहे. कारण उघड आहे, आपल्याकडे मोहोर तिजोरीत कमी आणि गळ्यात जास्त राहिली. कुणी कडी झाळून घेतली, कुणी भोक पाडून दोऱ्यात ओवली, कुणी कोंदणात बसवून पदक केलं. नंतर कधीतरी ते नाणं विकायला निघालं, कडी काढली, भोक बुजवलं, कानस मारली, पॉलिश केलं. रिपेअर केलेलं नाणं म्हणतात ते हे.

अशी नाणी घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. माझ्याकडे स्वतःच्या दोन आहेत आणि मला त्या आवडतात, कुणीतरी लग्नात घातलेली वस्तू आहे ती. पण रिपेअर सांगून विकलेलं नाणं वेगळं आणि लपवून विकलेलं वेगळं, आणि आपण भारतात बसून घेत असलो तर हा फरक नाणं विमानात चढायच्या आधीच कळायला हवा. का ते सांगतो, कारण बाकी सगळं यावरच अवलंबून आहे.

परदेशी डीलर लिहितो, पसंत नाही पडलं तर १४ दिवसांत परत पाठवा. वाचायला छान वाटतं. पण आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हे पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवणं खाजगी माणसाला बंद आहे. म्हणजे १८४१ ची मोहोर एकदा इथे आली की ती इथलीच, डीलरला परत पाठवणं हा पण निर्यातच. १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेला सॉव्हरिन (ब्रिटिश सोन्याचं नाणं), ज्याच्यावर रोमन आय ही खूण असते, तो सुद्धा आता शंभरी ओलांडून गेलाय, त्यालाही हेच लागू. त्यामुळे ती रिटर्न पॉलिसी आपल्यासाठी नाहीच असं धरून चालायचं आणि सगळी तपासणी तिकडेच करून घ्यायची.

आता वर्णन कसं वाचायचं. डीलर लोकांची स्वतःची भाषा असते. एक्स-माउंट म्हणजे कडी किंवा कोंदण काढलंय. प्लग्ड म्हणजे भोक बुजवलंय. टूल्ड म्हणजे कोरणीने केस, अक्षरं, मुकुटाच्या रेषा परत उठवल्यात, आणि हे मला सगळ्यात वाईट वाटतं कारण इथे नाण्याची मूळ छापच बदललेली असते. स्मूद्ड म्हणजे मोकळ्या जागेतले ओरखडे घासून सपाट केलेत. एज फाइल्ड म्हणजे कडेला कानस लागलीये. हे शब्द स्पष्ट लिहिणारा डीलर चांगला. काळजी करायची ती गोडगोड शब्दांची, जसं की कडेला किरकोळ खूण, वरच्या बाजूला थोडी नोंद घेण्यासारखी जागा, वयाच्या मानाने छान चमक. दोनशे वर्षं जुन्या होत आलेल्या, वापरून झिजलेल्या नाण्याला आरशासारखी चमक असेल तर ती पॉलिशची आहे. सोनं मुळात काळं पडत नाही म्हणून लोक फसतात, पण टांकसाळीतून आलेली चमक नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, पॉलिशची चमक सगळीकडे एकसारखी आणि मेली मेली दिसते.

मेल करून फोटो मागा, आणि लाजू नका, चांगला डीलर देतो. दोन्ही बाजूंचे मोठे फोटो, नाणं हळूहळू तिरकं करत घेतलेला व्हिडिओ (एकाच बाजूने दिवा ठेवून), आणि कडेचे फोटो घड्याळाच्या काट्याप्रमाणे १२, ३, ६ आणि ९ वर. कडेचे फोटो कुणी स्वतःहून देत नाही आणि सगळी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. कडेवर ज्या बारीक उभ्या रेघा असतात त्या कुठे अचानक थांबतात का, पसरट होतात का, दोन रेघांमधलं अंतर बदलतं का ते बघा. कडी बहुतेक वेळा राणीच्या डोक्याच्या वर, म्हणजे १२ वाजताच्या जागी असते. १८४१ च्या मोहोरेत दोन प्रकार येतात, एकात अक्षरं डोक्यावरून सलग जातात आणि दुसऱ्यात डोक्यामुळे तुटून दोन बाजूंना जातात. सलग वाल्यात कडी काढताना अक्षरांना इजा होते आणि ती दिसते, तुटक वाल्यात मात्र वर मोकळी जागा असते त्यामुळे तिथे दुरुस्ती सहज लपते, तिथे जास्त बारकाईने बघा. आणि मागची बाजू बघताना त्याच जागेची पाठ कुठे येते ते डोक्यात ठेवा, कारण भोक आरपार असतं, दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी काहीतरी विचित्र दिसलं तर ते बुजवलेलंच आहे.

रंग पण बघा. झाळायचं सोनं मूळ सोन्यापेक्षा वेगळं असतं, त्यात चांदी, तांबं, जस्त असं काही मिसळून ते लवकर वितळेल असं केलेलं असतं, म्हणून ती जागा जरा फिकट किंवा पिवळट हिरवी दिसते. लहानपणी आजीच्या पुतळ्यांच्या माळेत मी हे बघितलंय. पुतळी म्हणजे मूळ व्हेनिसचं डुकाट, साधारण साडेतीन ग्रॅमचं जवळजवळ शुद्ध सोनं, त्यावर उभा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राजप्रमुख, आपल्या लोकांनी त्या आकृत्यांवरून पुतळी म्हणायला सुरुवात केली. व्हेनिसचं राज्य १७९७ मध्ये संपलं तरी आपल्याकडे तशा पुतळ्या घडवणं चालूच राहिलं. त्या माळेतल्या प्रत्येक पुतळीच्या कडीखाली फिकट डाग होता आणि आमच्या सोनारकाकांनी दाखवलं होतं की कडी निघते पण तो डाग निघत नाही. परदेशातून डुकाट घेत असाल तर हाच डाग शोधा, आणि अक्षरं वेडीवाकडी, अर्थ न लागणारी असतील तर ती भारतात घडवलेली पुतळी समजा, ती पण छानच असते फक्त डुकाटच्या भावाने घेऊ नका.

वजन विचारा, दोन दशांशांपर्यंत, काट्यावर ठेवलेल्या नाण्याच्या फोटोसकट. ११.६६ च्या ऐवजी ११.४ भरलं आणि चेहरा मात्र फारसा झिजलेला नाही, तर सोनं कडेवरून गेलंय. पण वजन बरोबर आहे म्हणजे रिपेअर नाही असं धरू नका, हल्ली लेझरने त्याच कॅरेटचं सोनं भरतात आणि वजन परफेक्ट येतं. पाण्यात तोलून घनता काढली तर २२ कॅरेटला १७.५ ते १७.९ च्या दरम्यान येते, त्यातून नाणं खोटं असेल तर पकडलं जातं, बुजवलेलं भोक पकडलं जात नाही कारण ते सोनं इतकं थोडं असतं. त्यासाठी एक्सआरएफ मशीन लागतं (क्ष-किरणांनी धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारं), संशयाच्या जागी एक रीडिंग आणि समोरच्या बाजूला एक, दोन्हीत फरक आला की झालं.

माझ्या पहिल्या मोहोरेच्या वेळी मी यातलं काहीच केलं नव्हतं. वर्णनात फक्त थोडं साफ केलेलं एवढंच होतं, फोटो दोनच, मी पैसे पाठवले, नाणं आलं, भिंगाखाली धरलं तर सिंहाच्या बाजूला वर एक गोल, बाकी पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत जागा आणि पलीकडून तिथेच तसंच. भोक होतं. डीलर म्हणाला पाठवा परत, पैसे देतो, आणि मला पाठवता येईना. खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा विचारलं असतं तर कळलं असतं याचं. दुसऱ्या वेळी माझा मावसभाऊ लंडनजवळ स्लाऊला राहतो तो सुट्टी काढून लंडनला दुकानात गेला, दहा पटीचं भिंग घेऊन, मी व्हिडिओ कॉलवर, आणि आम्ही पाऊण तास एकाच नाण्याची कड बघत बसलो. तिकडे तुमचं कुणी असेल तर जरूर पाठवा.

कुणी नसेल तर डीलरला सांगा की नाणं आधी ग्रेडिंगला पाठवा (म्हणजे नाणं अस्सल आहे का, किती चांगलं आहे ते तपासून लेबल लावून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देतात), खर्च मी देतो. एनजीसी आणि पीसीजीएस या दोन मोठ्या कंपन्या, दोन्ही अमेरिकन, एनजीसीचं लंडनलाही ऑफिस आहे. रिपेअर असेल तर या कंपन्या आकड्यातला ग्रेड देत नाहीत, लेबलवर डिटेल्स असं येतं आणि पुढे दोष लिहितात, माउंट काढलेलं, रिपेअर्ड, टूल्ड वगैरे. तुम्हाला हवंय ते हेच, तिऱ्हाइताने लेखी दिलेलं. आधीच डबीत बंद असलेलं नाणं देत असतील तर लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून बघा आणि तिथला फोटो हातातल्या फोटोशी जुळवा, खोट्या डब्या निघतात.

किंमत. नाण्यातलं शुद्ध सोनं साधारण १०.६९ ग्रॅम, त्याचा आजचा भाव काढा, तो तुमचा तळ. मग एसीसर्च (जुन्या लिलावांचे भाव शोधायची साइट) किंवा हेरिटेज या लिलाव कंपनीच्या जुन्या लिलावांत त्याच वर्षाची त्याच प्रकारची नाणी कितीला गेली ते बघा, पण रिपेअर केलेल्याची तुलना रिपेअर केलेल्याशीच करा. माझा स्वतःचा हिशोब असा की कडीची खूण दिसत असेल तर चांगल्या नाण्याच्या निम्म्याच्या आसपास थांबायचं आणि चेहऱ्यावर कोरणी चालली असेल तर सोन्याच्या भावाच्या थोडं वर, त्यापुढे नाही. लिलावात असाल तर हातोड्याच्या भावावर २० टक्के किंवा त्याहून जास्त प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, लागतो, तो धरूनच बोली ठरवा.

डीलर कोण आहे ते बघायला आयएपीएन आणि ब्रिटनची बीएनटीए या व्यापाऱ्यांच्या संघटनांच्या सभासद यादीत नाव शोधा. पैसे देण्याआधी इनव्हॉइसवर रिपेअर काय आहे ते स्पष्ट लिहून घ्या, एक्स-माउंट, १२ वाजता, असं. नाणं तिकडून बाहेर पाठवायला निर्यात परवाना लागतो का आणि तो कोण काढणार हे पण आधीच विचारा. बँकेतून पैसे पाठवताना कशासाठी ते खरं सांगा.

पाठवणं हा वेगळाच ताप आहे. बऱ्याच कुरियर कंपन्या नाणी आणि सोनं घेतच नाहीत, आणि लपवून पाठवलं तर हरवल्यावर इन्शुरन्स एक पैसा देत नाही. डीलर म्हणाला गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो, तर नको म्हणा, कस्टमने पकडलं तर नाणं पण जातं. कस्टममध्ये संग्रहातलं नाणं म्हणून ९७०५ या कोडखाली बघतात की साधं नाणं म्हणून ७११८ खाली, यावर ड्युटी ठरते आणि दर पण मधूनमधून बदलतात, म्हणून बोली लावायच्या आधीच कस्टम ब्रोकरला इनव्हॉइसचा मसुदा दाखवा. कुणी येताना सोबत आणणार असेल तर लक्षात ठेवा, दागिन्यांची सवलत नाण्याला नाही, विमानतळावर सरळ रेड चॅनेलला (कस्टमला माल जाहीर करायची रांग) जाऊन सांगायचं. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, आयुष्यभर जपून ठेवा, पुढे मुलांना विकायचं झालं तर नाणं कुठून आलं याचा तोच पुरावा.

नाणं हातात आलं की उघडतानाचा व्हिडिओ काढा, वजन करा, फोटोंशी जुळवा. आणि कृपा करून ते सराफाकडे उजळायला देऊ नका, जुनी झाळ परत काढायला तर नकोच, प्रत्येक वेळी थोडी थोडी छाप जाते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात न ठेवता कडक कॅप्सूलमध्ये ठेवा आणि आत एक चिठ्ठी, कडी कुठे होती, कुणाकडून घेतलं, वजन किती भरलं.