दसरा काढताय? घरातली अडगळ बाहेर काढताना या चुका टाळा

घटस्थापनेआधी मराठवाड्यात घरोघर दसरा निघतो, म्हणजे सगळ्या घराची साफसफाई होते. वाकळा धुवायला जातात, डबे घासून उन्हात पडतात आणि ओसरीत एक ढीग वाढत जातो. गंजका कूलर, फुटका ड्रम, पोरांची जुनी पुस्तकं, बंद मोबाइल, नऊ-दहा वर्षं न नेसलेल्या साड्या. अमावास्येच्या आत हे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं पाहिजे, या घाईतच बऱ्याच चुका होतात. घरातून गेलं की आपलं समाधान होतं. ते पुढे कोणाच्या हातात पडणार, हे विचारायचं राहून जातं.

सगळा धातू एकाच भावात देणं

भंगारवाला आला की आपण पोतं उचलून देतो आणि तो सगळं लोखंडाच्या भावात तोलतो. घरातलं साधं लोहचुंबक घ्या. चिकटलं ते बहुतेक लोखंड. न चिकटणारं स्टील, ॲल्युमिनियम, पितळ, तांबं वेगवेगळं ठेवा. आजीचा तांब्याचा बंब किंवा काशाची वाटी लोखंडात गेली तर तोटा मोठा असतो, कारण काशात तांब्याबरोबर कथील असतं आणि दोन्ही धातू महाग. वजन आधी घरच्या काट्यावर करून ठेवा. नुसतं आकडा लिहिलेला कागद हातात दिसला तरी तोल सुधारतो.

लोखंडाला गिऱ्हाईक नाही असं मात्र समजू नका. जालन्यातले पोलाद कारखाने भंगार वितळवून बिलेट (पोलादाचे लांबट ठोकळे) आणि सळया करतात, त्यामुळे गंजलेला पलंगसुद्धा कुठे तरी कामाला येतोच.

कूलर 'चालू आहे' म्हणून देऊन टाकणं

ही चूक जिवावर बेतू शकते. आपल्याकडचं क्षाराचं पाणी पत्र्याच्या कूलरचा तळ खाऊन टाकतं. मोटारीची वायर घासलेली असते, पंपाचं पाणी नको तिथे झिरपतं आणि पत्र्यात करंट उतरतो. आपल्या घरी अर्थिंग बरं असेल तर तो दोष कळतही नाही. तोच कूलर आपण पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला देतो, जिथे अर्थिंगचा पत्ता नाही आणि फरशी ओली.

द्यायचाच असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, वायर आणि पंप बदला, नवं गवत बसवा. एवढा खर्च करायचा नसेल तर दान करू नका. मोटार काढून रिवाइंडिंगवाल्याला विका, पत्रा भंगारात द्या. बिघडलेली वस्तू गरिबाला देणं म्हणजे दुरुस्तीचं बिल त्याच्या माथी मारणं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत लोक वेगळीच हुशारी करतात. आतलं ॲसिड मोरीत ओततात आणि मग डबा विकतात. त्या ॲसिडात विरघळलेलं शिसं असतं, ते सरळ जमिनीत जातं. बॅटरी जशीच्या तशी, झाकण न उघडता दुकानात न्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे वजा करण्याची रीत तर त्याआधीपासूनच आहे. तांब्यासाठी वायर जाळायचा उद्योगही बंद करा. तो काळा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

कपडे: फाटकं, विटकं, भरजरी सगळं एकाच गाठोड्यात

2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. मदत म्हणून गेलेला कपडा तिथे कचरा झाला. 2025 च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा, मांजरा फुगल्या आणि बीड-धाराशिवकडची घरं पाण्यात गेली, तेव्हाही मनात आलं ते आधी कपाट रिकामं करण्याचंच. पुरात सगळं गमावलेल्या बाईला जरीचा शालू काय कामाचा? तिला लागतं कोरडं अंथरूण-पांघरूण, भांडी, नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड. म्हणून आधी फोन करून विचारा, मग गाठोडं बांधा.

एरवीही निवड करावी लागते. धुतलेला, बटणं शाबूत असलेला, चेन चालणारा कपडा दानाला. मऊ झालेलं सुती लुगडं वाकळीला. नायलॉनची साडी वाकळीत घालू नका. ती घाम शोषत नाही आणि सुई घसरते. फाटकं सुती गॅरेजवाल्याला द्या, त्याला हात आणि यंत्र पुसायला लागतंच. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या, दारावर येणाऱ्या भांडेवालीला नाकं मुरडू नयेत, असं माझं मत आहे. ती एकेक कपडा उलटापालटा करून पाहते, कारण तो पुढे विकला गेला तरच तिचं पोट भरतं. तिने परत केलेला कपडा दान करण्याच्या लायकीचाही नसतो, हे समजून घ्यावं.

वेळेचंही बघा. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. त्यांना जड कपाट दिलंत तर ते ठेवणार कुठे? लेकरांचे स्वेटर, ताडपत्री, हलकी भांडी द्या, आणि निघायच्या आधी द्या.

मोबाइल भांड्याच्या बदल्यात

बंद मोबाइलवर प्लास्टिकचा टब देणारे फेरीवाले गावोगाव फिरतात. 2024 मध्ये नांदेडच्या पलीकडे, तेलंगणातल्या रामगुंडममध्ये पोलिसांनी अशी टोळी पकडली. तिच्याकडे हजारो जुने मोबाइल होते आणि ते सायबर फसवणुकीसाठी पुढे पाठवले जात होते. फोन चालू होत असेल तर गूगल खात्यातून बाहेर पडा, मगच फॅक्टरी रीसेट करा; उलट क्रमाने केलंत तर पुढच्याला फोन उघडताना तुमचाच पासवर्ड मागितला जाईल. सिम आणि मेमरी कार्ड काढा. चालूच होत नसेल तर तो दारावर देऊ नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. बॅटरी फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका.

पुस्तकं: अभ्यासक्रम न बघता वाटणं

मे महिन्यात वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा संपली की लातूरमधल्या विद्यार्थ्यांच्या खोल्या रिकाम्या होतात आणि गाद्या-बादल्यांबरोबर गाइडांचे गठ्ठे जिन्यात उरतात. ते गावाकडच्या पोरांना देण्याआधी साल बघा. नीटचा अभ्यासक्रम 2024 पासून कमी झाला. त्याआधीच्या पुस्तकातून शिकणारा मुलगा वगळलेले धडे घोकत बसेल. एमपीएससीचंही तसंच. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, जुने पर्यायी प्रश्नांचे संच मुख्य परीक्षेला उपयोगाचे नाहीत. असे गठ्ठे सरळ रद्दीत घाला. कथा-कादंबऱ्या, शब्दकोश, नकाशे मात्र गावच्या वाचनालयाला विचारून द्या.

कोणीच घेत नाही, मग?

थर्मोकोल भंगारवाला घेत नाही, कारण गाडा भरतो पण वजन भरत नाही. नवी वस्तू घेतानाच दुकानदाराला पॅकिंग परत न्यायला सांगा. जुनी ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. न फोडता खोक्यात घालून घंटागाडीला वेगळं द्या. कापसाची गादी टाकू नका, पिंजारी कापूस पिंजून नवी भरून देतो. फोमच्या गादीला तो उपाय नाही. उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कोणालाही दान करू नका.

ड्रमचं थोडं सविस्तर सांगतो. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात ड्रम म्हणजे घरातली दौलत होती. अजूनही दारात ड्रम दिसला की कोणी तरी मागतंच. देण्याआधी तो कशाचा होता ते आठवा. फवारणीच्या औषधाचा किंवा रसायनाचा डबा कितीही धुतला तरी पाण्यासाठी देऊ नका. औषधाचे डबे तीन वेळा खळखळून धुवा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग तळाला भोक पाडा, म्हणजे कोणी पुन्हा वापरणार नाही.

राहिले देवाचे जुने फोटो. ते पिंपळाखाली ठेवले की आपली सुटका होते, पण काच फुटते आणि अनवाणी येणाऱ्याच्या पायात जाते. गोदावरीत सोडले तर चौकट काठाला लागते. काच काढून कागदात गुंडाळा, वर 'काच' असं लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळी द्या. लाकडी चौकट सुताराला किंवा चुलीला चालते, पण रंग दिलेली असेल तर चुलीत घालू नका. चित्राचा कागद साधा असेल तर बादलीत भिजवून लगदा करा आणि तुळशीच्या नव्हे, दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बुंध्याला घाला. छपाईची शाई तुळशीला नको. चित्र प्लास्टिकचं पातळ आवरण चढवलेलं असेल तर ते भिजणार नाही, ते सुक्या कचऱ्यातच जाईल.