प्रश्नमंजूषा घेताय? या चुका टाळा

गणपतीत सोलापुरात आमच्या पेठेत शाळकरी मुलांची प्रश्नमंजूषा असते. प्रश्न काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. भांडण उत्तरावरून होतं, पण चूक बहुतेक वेळा प्रश्नाच्या शब्दांत असते.

एका वर्षी मी विचारलं, "भारतातला पहिला चित्रपट कोणता?" आठवीतली एक मुलगी म्हणाली, "श्री पुंडलिक." माझ्या कागदावर 'राजा हरिश्चंद्र' होतं, म्हणून मी उत्तर चूक ठरवलं आणि तिचा संघ एका गुणाने हरला. रात्री घरी येऊन पाहिलं. दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ ला मुंबईत लागला होता, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला. 'पुंडलिक' म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचंच चित्रीकरण, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांना देतात. पण मी विचारलेल्या प्रश्नाला त्या मुलीचं उत्तर चूक म्हणता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तसं सांगितलं. आता मी 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय मूक कथापट' असंच लिहितो.

'पहिला', 'सर्वांत मोठा', 'एकमेव' हे शब्द प्रश्नात आले की तिथेच थांबा. 'भारतातली पहिली महिला डॉक्टर' विचारलं की सगळे आनंदीबाई जोशी म्हणतात. आनंदीबाईंना १८८६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पदवी मिळाली, पण भारतात परतल्यावर रुग्ण तपासायला सुरुवात होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. त्याच १८८६ मध्ये कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे इथेच प्रॅक्टिस केली. प्रश्न पदवीचा आहे की प्रॅक्टिसचा, ते आधी ठरवा. विजापूर आपल्याला जवळ, म्हणून गोलघुमट दरवर्षी येतोच. त्याला 'जगातला सर्वांत मोठा घुमट' म्हणू नका, आजच्या स्टेडियमांचे घुमट त्याहून कितीतरी मोठे आहेत. त्यापेक्षा तिथे कबर कोणाची, ते विचारा. १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची, यावर वाद होत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे जुनी पुस्तकं. उत्तरं शिळी होतात. प्लूटो २००६ पासून ग्रह नाही. सर्वाधिक चंद्र गुरूला, असं अनेक पुस्तकांत अजून छापलेलं आहे, पण २०२५ मध्ये शनीच्या चंद्रांची संख्या २७४ झाली आणि गुरू फार मागे पडला. एव्हरेस्टची उंची २०२० पासून ८,८४८.८६ मीटर धरतात. आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्याचं नाव आता धाराशिव आहे. हॉकी हा राष्ट्रीय खेळ, हे तर कधीच खरं नव्हतं. सरकारने कुठलाही खेळ तसा घोषित केलेला नाही. चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवावर उतरलं नाही, ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरलं. एका शब्दाचा फरक आहे, पण विज्ञानाची आवड असलेला मुलगा तो बरोबर पकडतो.

आपल्या गावच्या प्रश्नांत तरी चूक होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. जन्म १० ऑक्टोबर १९१०. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले ते एक. मुलं सर्रास सांगतात की ते गोळी लागून गेले. ते गेले फेफऱ्याच्या झटक्यांनी, ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी.

तसंच, "१२ जानेवारीला काय असतं?" असं मोघम विचारू नका. विवेकानंद जयंती आहे, जिजाऊ जयंती आहे आणि १९३१ मध्ये याच दिवशी सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या दिवसांत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेची जत्रा, भरलेला असतो, त्यामुळे कोणी 'सिद्धेश्वरांची यात्रा' असंही सांगतं. फाशीचं वर्ष विचारा, तुरुंग विचारा, चौघांची नावं विचारा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना ती चारही नावं यायला हवीत.

गाण्यांच्या फेरीत "हे गाणं कोणाचं?" असं कधी विचारू नये. 'ऐ मेरे वतन के लोगो' प्रदीप यांचं म्हटलं तरी बरोबर, सी. रामचंद्र म्हटलं तरी, आणि लताबाई म्हटलं तरी. गीतकार, संगीतकार की गायिका, ते स्पष्ट म्हणा. तारीख विचारणार असाल तर हे गाणं दिल्लीत पहिल्यांदा २७ जानेवारी १९६३ ला गायलं गेलं, २६ ला नव्हे. गाणी ऐनवेळी नेटवरून लावू नका, आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि स्पीकरला वायरने जोडा. ब्लूटूथ मध्येच तुटलं की निम्मा मुखडा एका संघाला ऐकू येतो, दुसऱ्याला नाही, आणि मग भांडण मिटत नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. प्रश्न सावकाश आणि दोनदा वाचा. उच्चार थोडा वेगळा आला म्हणून गुण कापू नका.

तरीही वाद झालाच तर माईकवर हुज्जत घालत बसू नका. तो प्रश्न रद्द करा आणि राखीव पाकिटातला पुढचा काढा. पाकिटात दहा प्रश्न तरी हवेत. बरोबरी सुटावी म्हणून एक आकड्याचा प्रश्न वेगळा ठेवा, दोन्ही संघांना उत्तर कागदावर लिहायला लावा आणि जवळच्या आकड्याला जिंकवा. गेल्या वेळी मी विचारलं होतं, चांद्रयान-३ उड्डाणानंतर किती दिवसांनी चंद्रावर उतरलं? १४ जुलै २०२३ ते २३ ऑगस्ट, म्हणजे ४०. एका चिठ्ठीवर ४५ होतं, दुसरीवर ३८. दोन्ही चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवल्या आणि ३८ वाल्यांना ढाल दिली. कोणी एक शब्द बोललं नाही.