फिडल लीफ फिगची गुटी: मुळं का फुटत नव्हती

फिडल लीफ फिग या मोठ्या पानांच्या शोभेच्या झाडाला गुटी (फांदी झाडावरच असताना साल काढून तिथे मुळं फुटवायची कलम पद्धत) बांधून दोन महिने झाले तरी भोवतीच्या मॉसमध्ये, म्हणजे ओल्या शेवाळात, एकही मूळ नव्हतं. उघडून पाहिलं तर सोललेल्या जागेवर वरची आणि खालची साल पुन्हा जुळली होती. सालीखालचा हिरवट, बुळबुळीत थर राहून गेला होता. तो राहिला की साल भरून येते, पानांतलं अन्न खाली वाहत राहतं आणि मुळं फुटायचं कारणच उरत नाही.

दुसऱ्यांदा शेंड्यापासून फूटभर खाली, पेराच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) लगेच खाली, अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढली. पांढरं लाकूड लागेपर्यंत चाकूने खरवडलं. चीक ओल्या फडक्याने पुसला (हातमोजे घालाच, डोळ्यांना तो फार झोंबतो). वरच्या कडेला आयबीए पावडर (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) लावली. मुळं तिथूनच येतात. वर भिजवून घट्ट पिळलेलं मूठभर स्फॅग्नम मॉस, त्यावर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने आवळून. मॉसमधून पाणी निथळत असेल तर फांदी कुजते.

सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. त्यांना फाटे फुटेपर्यंत थांबावं, मग गुटीखाली कापून मॉससकट सहा इंची कुंडीत लावावं. नुसतं पान पाण्यात ठेवू नका. मुळं येतात, पण डोळा (नवा कोंब फुटतो ती जागा) नसल्याने त्याचं झाड कधीच होत नाही.