जॉइन समजला तो डब्यांच्या वहीमुळे

एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिकायला तीन व्हिडिओ मालिका सुरू केल्या आणि तिन्ही वेळा जॉइनपाशी, म्हणजे दोन टेबलं जोडण्यापाशी, अडकलो. शेवटी व्हिडिओ बंद करून एसक्यूलाइट हे छोटं डेटाबेस सॉफ्टवेअर घेतलं. सर्व्हर लागत नाही, सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये. जोडीला एसक्यूएलबोल्टचे धडे, ते ब्राउझरमध्येच सोडवता येतात.

पण खरी गाडी पुढे सरकली ती आईच्या डब्यांच्या वहीमुळे. गिऱ्हाइकांचं एक टेबल, डब्यांचं दुसरं. जुलैत डबा न घेतलेलेही यादीत हवे होते, म्हणून पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवणारा लेफ्ट जॉइन लिहिला. तरी ते गायबच! महिन्याची अट मी व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या भागात, घातली होती. ज्यांचा डबाच नाही त्यांची तारीख नल, म्हणजे रिकामी, त्यामुळे ती ओळ तिथेच गळायची. अट ऑनमध्ये, म्हणजे टेबलं कशी जोडायची ते सांगणाऱ्या भागात, नेली आणि सगळी नावं आली. आईला यादी वाचून दाखवली.

आता एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावरची माहितीही वाचतो. तिथल्या आकृत्यांवरून वाक्यरचना चटकन कळते.