जुनी छोटी व्हॅन किंवा पिकअप सजवताय? या चुका टाळा

डॅटसन ६२०, शेव्हरले लव, फोर्ड कुरिअर, नाहीतर फोक्सवॅगनची टाइप २. या गाड्यांचं वेड का लागतं ते मला विचारू नका, मीही त्यातलाच. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते. संगणक नाही, सेन्सर नाहीत. पिकअपची कॅबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही चासीवर बोल्टने कसलेले. लव आणि कुरिअर तर अमेरिकेत बरीच वर्षं हौद्याशिवायच उतरायच्या. १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या ट्रकवर २५ टक्के कर होता, तो टाळायला हौदा तिथे पोचल्यावर बसवायचे. जी गाडी मुळातच तुकड्यांत येते ती आपल्या मनासारखी जोडावीशी वाटणारच.

गडबड पुढे होते. या गाड्या माल वाहायला बनवल्या आहेत हे सजवणारे सोयीस्कर विसरतात. पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), ब्रेक, टायर, सगळ्यांचा हिशेब मागे ओझं पडणार असं धरून केलेला असतो. तुम्ही तो हिशेब एका ठिकाणी बदलता आणि बाकीच्या ठिकाणी तसाच सोडता. माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात.

गाडी खाली बसवली, पण ब्रेकला सांगितलंच नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

एक पोरगा त्याचा जपानी पिकअप घेऊन आला. गाडी दिसायला झकास. पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) सैल करून, मागे पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये ब्लॉक, म्हणजे धातूचे ठोकळे, घालून छान खाली बसवलेली. तक्रार एकच: ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि शेपूट बाजूला पळतं. एकदा गाडी अख्खी उलट्या तोंडाने उभी राहिली होती. त्याने मास्टर सिलिंडर नवा टाकला होता, मागचे शू दोनदा बदलले होते, ड्रम खरवडून आणले होते. कोणीतरी सांगितलं म्हणून पुढचे पॅडही नवे. पैसे जिथे जायला नको तिथे सगळीकडे गेले होते.

मी गाडीखाली शिरलो. मागच्या ॲक्सलपासून चासीकडे एक सळई जात होती आणि तिच्या टोकाला ब्रेकच्या नळीत बसवलेला एक छोटा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये असतो. हौद्यात माल भरला की चासी खाली येते, ॲक्सल तिच्या जवळ येतो, सळई ढकलली जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. हौदा रिकामा असेल तर दाब कमी. साधी, हुशार योजना. ब्लॉक घातल्यावर चासी कायमचीच खाली आली, म्हणजे व्हॉल्व्हच्या लेखी हौदा कायमचा भरलेला. रिकाम्या, हलक्या शेपटीला भरल्या गाडीचा ब्रेक मिळत होता. चाकं जाम होणार नाहीत तर काय!

सळईचा ब्रॅकेट सरकवून रिकाम्या गाडीत व्हॉल्व्हचा लिव्हर, म्हणजे सळई ज्याला ढकलते तो दांडा, मूळ जागी आणला. रोग गेला. त्या पोराचा चेहरा सुटकेचा कमी आणि बिलं आठवल्याचा जास्त होता.

माझी सवय सांगतो. कुठलाही बोल्ट सैल करण्याआधी, गाडी रिकामी आणि सपाट जागी उभी असताना, त्या लिव्हरचा फोटो काढतो आणि सळईची लांबी खडूने चासीवरच लिहितो. काम झाल्यावर लिव्हर त्याच कोनात आला पाहिजे. मग मोकळ्या जागेत हळू वेगात ब्रेक मारून बघायचं, कुठली चाकं आधी थांबतात ते. "व्हॉल्व्ह काढूनच टाका, कटकट नको" असं सांगणारे भेटतील. त्यांच्या गाडीत बसू नका.

याच कामातल्या बाकीच्या भानगडी थोडक्यात. ब्लॉकवर ब्लॉक रचू नका. बंप स्टॉप (ॲक्सल आणि चासीमधला रबरी ठोकळा) कापून फेकू नका, खड्ड्यात ॲक्सल थेट चासीवर आदळतो. ठराविक वेगाला खालून गुरगुर ऐकू आली तर क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा) बदलत बसण्याआधी प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा, कोन मोजा. गिअरबॉक्सचा आणि डिफरन्शियलचा कोन एकमेकांशी जुळला नाही तर नवा क्रॉसही गुरगुरेल. पाचर घालून तो जुळवता येतो. आणि स्प्रिंग गॅसने तापवून बसवणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो.

रिकाम्या गाडीचा तोल

फोर्डच्या पहिल्या इकोनोलाइनमध्ये इंजिन दोन सीटच्या मध्ये. डॉज ए१०० मध्येही तसंच. रिकामी असताना शेपूट इतकं हलकं की फोर्डने इकोनोलाइन पिकअपला मागच्या चाकांच्या वर वजन बसवून दिलं होतं. हौशी माणूस ते 'फालतू लोखंड' म्हणून काढतो. काढू नका. ए१०० वर बांधलेली 'लिटल रेड वॅगन' पुढची चाकं उचलून धावायची, कारण तिचं हेमी नावाचं दांडगं इंजिन कॅबिनच्या मागे नेलं होतं. ती लोकांना करामत दाखवायची गाडी होती. तिचे फोटो बघून इंजिन मागे सरकवायचे बेत करणाऱ्यांनी आधी आपला हँडब्रेक धरतो का ते बघावं.

गळती थांबायच्या आधी आतलं लाकूडकाम

व्हॅनवाल्यांची ही लाडकी घाई. खाली गंज, काचेच्या रबरातून पाणी, आणि वर देवदार लाकडाची फळ्या-फळ्यांची भिंत. मागे कापूस किंवा फेल्ट भरलं की ते पाणी पितं आणि पत्रा आतून कुजतो, तुम्हाला बाहेरून वर्षभर काही दिसत नाही. मी एकाला बाहेर पाण्याचा पाइप धरायला लावतो आणि स्वतः टॉर्च घेऊन आत बसतो. खालून वर जायचं: आधी दाराचा खालचा कोपरा, मग खिडकी, मग छपराची शिवण. एकदम सगळीकडे पाणी मारलं तर गळती कुठली ते कळत नाही. कंटाळवाणं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी म्हणजे गंजाला घर बांधून देणं. कापा, नवा पत्रा जोडा. आणि व्हॅनची बाजू किंवा छप्पर कापायचं असेल तर कापण्याआधी आतून तिरक्या पट्ट्या वेल्ड करा. या व्हॅनमध्ये अंगचा पत्राच बराचसा भार पेलतो. नाहीतर दार बंद होईना म्हणून नंतर बिजागऱ्यांना शिव्या द्याल.

लाकडाचं वजनही धरा. सुरुवातीच्या टाइप २ ला ११३१ सीसीचं, सुमारे २५ अश्वशक्तीचं इंजिन होतं. त्यावर कपाटं, सिंक, पाण्याची टाकी चढवून "चढावर ओढत नाही" म्हणायचं?

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचे पत्रे

टाइप २ च्या इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर शोभेचं नाही. पंखा वरची थंड हवा ओढतो, सिलिंडरवरून तापलेली हवा खाली जाते. पत्र्यांचा आणि रबराचा हा मधला पडदा काढला की तीच गरम हवा परत वर येते आणि इंजिन स्वतःचीच वाफ खात बसतं. क्रोम दिसावं म्हणून पत्रे काढणारे नंतर मोठा ऑइल कूलर विकत घेतात. आधी रबर बदला. तिथेच असताना पेट्रोलचे सगळे रबरी पाइप नवे टाका. मूळ क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, पेटली की साध्या अग्निशामकाला दाद देत नाही.

उरलेलं, भरभर

टायर घेताना रुंदी नंतर, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आधी. कारचा टायर भरल्या व्हॅनखाली डुलतो.

चाकाचा ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते) न मोजता स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, लावू नका.

ब्रेक दाबून सोडला तरी चाक धरून राहत असेल तर कॅलिपर उघडण्याआधी जुना रबरी पाइप बदला. तो आतून फुगतो आणि तेल परत येऊ देत नाही.

६ व्होल्टच्या गाडीचं १२ व्होल्ट करताना बल्ब सगळ्यांना आठवतात, वायपरची मोटर कोणालाच नाही.

हेडलाइटला रिले (बटणाऐवजी जास्त करंट पेलणारा स्विच) लावा, फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवा. दिवे मंद वाटले तर पहिल्यांदा अर्थिंगचा बोल्ट उघडून खालचा रंग खरवडा. नवी वायरिंग मागवायची असेल तर ती त्यानंतर मागवा.